सहभागी भूदृश्य नियोजन ऑनलाइन शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्किटेक्चर, नगररचना, भूगोल, समाजकार्य अशा वेगवेगळ्या शाखांच्या मुलांना घेऊन मी परदेशी विद्यापीठांबरोबरच्या ऑनलाइन सेमिनारमध्ये सहभागी भूदृश्य नियोजन, म्हणजे लोकांना बरोबर घेऊन केलेलं लँडस्केपचं नियोजन, शिकवते. दर सत्राच्या सुरुवातीला फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधारण हेच प्रश्न येतात. काही मुलांचे असतात, काही पालकांचे आणि बरेचसे आमच्याच शिक्षक मित्रमैत्रिणींचे. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

लँडस्केप म्हणजे बागबगीचाच ना? मग त्यात नियोजन कसलं?

बाग हा त्यातला लहानसा तुकडा झाला. युरोपीय देशांनी २० ऑक्टोबर २००० रोजी फ्लॉरेन्समध्ये भूदृश्य करार केला आणि तो १ मार्च २००४ पासून लागू झाला. त्यातली व्याख्या अशी: लोकांना जसा जाणवतो तसा प्रदेश, ज्याचं रूप निसर्ग आणि माणूस यांच्या करणीतून आणि त्यांच्या एकमेकांवरच्या परिणामातून घडलेलं असतं. ‘लोकांना जसा जाणवतो’ हे तीन शब्द काढून टाकले तर उरतो तो फक्त सर्व्हेचा नकाशा. शिवाय हा करार नुसत्या निसर्गरम्य जागांपुरता नाही. रोजच्या साध्या जागा आणि बिघडलेल्या, ओरबाडलेल्या जागाही त्यात येतात. म्हणजे सह्याद्रीतलं पठार जसं लँडस्केप, तशीच बंद पडलेली खडीची खाणही.

‘भूदृश्य’ हा शब्द मला थोडा अपुरा वाटतो. त्यात ‘दृश्य’ आहे, म्हणजे कुणीतरी लांबून बघतं आहे. आपल्याकडे ‘शिवार’ हा शब्द किती सुंदर आहे! शिवारात माणूस उभा असतो. तिथे गायरान असतं, पाणंद असते, ओढा असतो, बांधावरची बाभूळ आणि तिच्यावरून झालेलं भाऊबंदकीचं भांडणही असतं. सेमिनारच्या पहिल्या आठवड्यात आम्ही प्रत्येकाला विचारतो, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात? जर्मन मुलं ‘लांडशाफ्ट’ सांगतात, हंगेरीची मुलं ‘ताय’ सांगतात आणि त्याचा अर्थ प्रदेश असाही होतो हे समजावतात. आमच्या मुलांनी शिवार, परिसर, मुलूख हे तिन्ही शब्द मांडले की पुढचा तासभर कुणाला स्लाइड लागत नाही.

लोकांना विचारलं की झाला सहभाग. वेगळं काय शिकायचं त्यात?

अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांना नुसतं वापरून घेणं आणि समजूत काढणं. या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानतच नाहीत. मधल्या तीन म्हणजे माहिती देणं, सल्ला घेणं आणि थोडंफार मन राखणं, हा त्यांच्या मते देखावा. वरच्या तीन म्हणजे भागीदारी, सोपवलेले अधिकार आणि नागरिकांचा ताबा. शिडी जुनी आहे, तिच्यावर टीकाही भरपूर झाली, तरी वर्गात ठेवायला याहून धारदार साधन मला अजून मिळालेलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवतात, मग सुनावणी होते. हे कोणत्या पायरीवर बसतं? मुलं बहुधा चौथ्या पायरीवर ठेवतात, म्हणजे सल्ला घेण्याच्या. मलाही तसंच वाटतं. रेषा आधी आखल्या जातात आणि माणूस नंतर बोलतो. त्यामुळे तो ‘माझ्या प्लॉटवरचं आरक्षण काढा’ एवढंच बोलू शकतो. ‘आपल्या ओढ्याचं काय करायचं’ हा प्रश्न कुठल्याच अर्जात मावत नाही. मुंबईच्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, हजारोंनी हरकती घेतल्या, एप्रिलमध्ये तो मागे घ्यावा लागला, २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. लोकांचा आवाज तिथे पोचला हे खरं आणि चांगलंच झालं. पण तो आवाज नकाशा काढण्याच्या आधी ऐकला असता तर? सहभागी नियोजन शिकायचं ते या ‘आधी’साठी.

मातीला हात न लावता, स्क्रीनवर हा विषय शिकवता तरी येतो का?

हा सगळ्यात रास्त प्रश्न आहे. नुसत्या स्क्रीनवर येत नाही. पण आम्ही ज्या पद्धतीने करतो त्यात स्क्रीन हे शिकण्याचं ठिकाण नसतंच, ते पडताळून बघण्याचं ठिकाण असतं. प्रत्येक विद्यार्थी आपापल्या गावात, वस्तीत, नदीकाठी काम करतो आणि आठवड्यातून एकदा ते काम चार देशांतल्या सोबत्यांपुढे ठेवतो.

या प्रकाराचा चांगला नमुना म्हणजे २०१५ ते २०१८ या काळात युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस या शिक्षणविषयक योजनेतून चाललेला ‘लँडस्केप एज्युकेशन फॉर डेमोक्रसी’ हा प्रकल्प. नॉर्वेचं लाइफ सायन्सेस विद्यापीठ, जर्मनीतली न्यूर्टिंगेन-गाइसलिंगेन आणि कासेल इथली विद्यापीठं, बुडापेस्टचं सेंट इस्तवान विद्यापीठ, इटलीतलं बोलोन्या विद्यापीठ आणि भूदृश्य शिक्षणासाठी काम करणारी ल नोत्र संस्था एकत्र आली. वसंत सत्रात ऑनलाइन सेमिनार आणि त्यानंतर काही दिवसांचं प्रत्यक्ष शिबिर, अशी रचना होती. शिबिरं झाली ती इटलीत झिंगोनियाला, जर्मनीत कासेलच्या नॉर्डश्टाट भागात आणि हंगेरीत बुडापेस्टजवळच्या त्योरोकबालिंटला.

जागांची ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. झिंगोनिया हे १९६० च्या दशकात रेंझो झिंगोने या उद्योजकाने बेर्गामोजवळ वसवायला घेतलेलं नवं शहर. ठरवलं होतं तेवढं ते कधी वाढलंच नाही, आणि पाच नगरपालिकांच्या हद्दीत विभागलं गेल्याने संपूर्ण जागेचा धनी कुणीच नव्हता. दोन ग्रामपंचायती आणि एका महापालिकेच्या मधे अडकलेली वस्ती ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या मुलांना युरोपातलं पहिलं ओळखीचं गाव सापडतं ते झिंगोनिया.

सेमिनार प्रत्यक्षात चालतो कसा?

साधारण बारा ते चौदा आठवडे, आठवड्यातून एकदा दीड-दोन तासांचं सत्र. अर्धा वेळ व्याख्यान, अर्धा गटचर्चा. गटात पाच-सहा जण आणि शक्यतो एका देशाचे दोनपेक्षा जास्त नकोत. सगळ्यांचं काम एका सामायिक विकीवर, म्हणजे सगळ्यांना लिहिता-बदलता येणाऱ्या संकेतस्थळावर चढतं, त्यामुळे कच्चा मसुदाही सगळ्यांना दिसतो. आमच्या मुलांना सुरुवातीला याचा संकोच वाटतो. चुकलेलं काम बाहेर दाखवायची सवय आपल्या परीक्षापद्धतीत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो जातो.

क्रम असा: आधी भूदृश्य आणि लोकशाही यांचा संबंध, मग सहभागाच्या संकल्पना, मग आपल्या परिसरातला एखादा खरा प्रश्न, मग लोकांबरोबर उद्दिष्टं ठरवणं आणि शेवटी मांडणी. घाईघाईने आराखडा काढायची परवानगी नसते. आर्किटेक्चरच्या मुलांना हे सगळ्यात जड जातं, कारण त्यांचा हात दुसऱ्या दिवशीच पेन्सिलकडे जातो.

वेळा कशा जुळतात?

जर्मनीत दुपारचे ४ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे ८.३० झालेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात आणि तेच सत्र आपल्याकडे ७.३० ला येतं. दरवर्षी त्या आठवड्यात दोन-तीन मुलं तासभर उशिरा येतात. म्हणून वेळापत्रकात भारतीय वेळ स्वतंत्र लिहून घ्या. होस्टेलवर मेसची वेळ तीच असेल तर मेसवाल्या मावशींशी आधीच बोलून ठेवा.

माझं इंग्रजी कच्चं आहे. मी गटात मागे पडेन का?

पहिले तीन आठवडे पडाल. नंतर बहुधा नाही. गटातल्या बहुतेकांची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असते आणि तेही शब्द शोधत असतात. आम्ही दोन गोष्टी करतो. व्याख्यानाआधी दहा-बारा कठीण शब्दांची मराठी यादी देतो. आणि लोकांच्या मुलाखती मराठीतच, अहिराणीत असतील तर अहिराणीत, मालवणीत असतील तर मालवणीत लिहून ठेवायला लावतो. भाषांतर नंतर करायचं, आणि अडेल तो शब्द मूळचाच ठेवायचा. ‘पाणंद’ला कुठलाही परका शब्द लावला की त्यातून बैलगाडी, चिखल आणि दोन्हीकडचं अतिक्रमण निघून जातं. गटाला तो शब्द शिकवा. ते शिकतात.

अभ्यासासाठी कोणती जागा निवडू?

चालत जाता येईल अशी. प्रसिद्ध जागा नको. कासचं पठार किंवा मरीन ड्राइव्ह निवडलंत तर दुसऱ्यांनी लिहिलेलंच परत लिहाल.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या मँटिओ या छोट्या गावात भूदृश्य रचनाकार रँडॉल्फ हेस्टर यांनी १९८० च्या सुमारास काम केलं होतं. लोकांच्या जिव्हाळ्याच्या जागा कोणत्या, हे त्यांनी लोकांना विचारून आणि त्यांचं रोजचं वागणं बघून शोधलं. यादीत आल्या त्या साध्यासुध्या जागा, जसं पोस्ट ऑफिस, खडीचं पार्किंग, पाणथळ. त्यातल्या बहुतेकांना कायद्याचं संरक्षण नव्हतं. आता आपल्याकडचा वडाचा पार, एसटी स्टँडसमोरची चहाची टपरी, बोअरवेलभोवतीचा ओटा आठवा. विकास आराखड्यात त्या जागेला कोणता रंग, म्हणजे कोणता वापर, दिलेला असतो ते बघा. तिथून तुमचा प्रश्न सुरू होतो.

लोकांशी बोलायला सुरुवात कशी करायची? प्रश्नावली घेऊन जाऊ का?

प्रश्नावली घरी ठेवा आणि शिवार फेरी करा. पाणलोटाच्या कामातली मंडळी ‘माथा ते पायथा’ म्हणतात, तसंच वरून खाली चालत या. एकट्याने नाही, आणि फक्त सरपंचांबरोबरही नाही. एक शेळ्या चारणारा, एक पाणी भरणारी बाई, एक म्हातारं माणूस आणि एक असा माणूस ज्याच्या नावावर सातबारा नाही. एकाच फेरीत सगळे नसतील तर चार फेऱ्या करा. काळवेळ बघून जा: पेरणीच्या दिवसांत दुपारी दारात उभं राहू नका, आणि शेतमजूर बायका कामावरून आल्या की लगेच त्यांना घेरू नका.

चालताना माती, पाणी, झाडं बघाच, पण प्रत्येक जागी तीन गोष्टी विचारा: ही कुणाची, ही वापरतं कोण, आणि पूर्वी कशी होती? ‘पूर्वी’ला साल विचारू नका. लोक काळ मोजतात तो बहात्तरच्या दुष्काळाने, किल्लारीच्या भूकंपाने, कृष्णेच्या महापुराने. ‘बहात्तरच्या दुष्काळात या विहिरीला पाणी होतं का?’ असं विचारलंत की माणूस थांबतो, काठी टेकवतो आणि बोलायला लागतो.

परत आल्यावर नकाशा कागदावर काढू नका. जमिनीवर काढा, रांगोळी, चुना, खडे, धान्य घेऊन. कागदावर ज्याच्या हातात पेन त्याचा नकाशा होतो. जमिनीवर कुणीही वाकून खडा सरकवू शकतं. माझ्या एका गटाने एकाच गावात दोन नकाशे करून घेतले. पुरुषांच्या नकाशात डांबरी रस्ता, देऊळ, शाळा आणि उसाचे फड होते. बायकांच्या नकाशात ओढ्याकडे जाणारी वाट होती, सरपण मिळतं ती टेकडी होती आणि अंधार असतो तो पाणंदीचा तुकडा गेरूने लाल केलेला होता. पुरुषांच्या नकाशात ती पाणंदच नव्हती. त्या आठवड्याच्या सत्रात हंगेरीच्या मुलीने विचारलं, ‘मग यातला गावाचा नकाशा कोणता?’ माझ्या सगळ्या वर्षांच्या शिकवण्यात याहून चांगला प्रश्न मला विचारता आलेला नाही.

ग्रामसभेत हा विषय मांडता येतो का?

येतो, पण सेमिनारच्या वेळापत्रकासाठी ग्रामसभेला वेठीला धरू नका. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची तरतूद आहे. आधी तिथे बसा आणि ऐका.

कोणतं सॉफ्टवेअर यायला हवं?

आधीपासून कोणतंच नाही. नकाशे करायचं क्यूजीआयएस आणि लोकांनीच मिळून केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा, दोन्ही फुकट आहेत, दोन आठवड्यांत जमतात. इस्रोचं भुवन हे उपग्रह नकाशांचं संकेतस्थळ आणि महसूल खात्याचे गट नंबरचे नकाशेही वापरा. गावातल्या माणसाला उपग्रहाचं छायाचित्र छापून दाखवलं तर तो सगळ्यात आधी आपलं घर शोधतो, मग शेत, मग चुलत्याचं अतिक्रमण. बरोबर रंगीत खडू ठेवा.

हे सगळं युरोपात ठीक आहे. आपल्याकडे चालतं का?

उलट अनेक गोष्टी इथूनच गेल्या आहेत किंवा इथेही वेगळ्या वाटेने उगवल्या आहेत. स्कॉटिश नगरनियोजक पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. आराखड्याआधी पाहणी, आणि जुन्या वस्तीवर बुलडोझर न फिरवता जपून केलेली शस्त्रक्रिया, हा त्यांचा आग्रह. होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मोठी मिरवणूक काढली. मिरवणूक जाणार ती ज्या गल्ल्या सगळ्यात स्वच्छ असतील त्यांतून, असं जाहीर केलं आणि लोकांनी गल्ल्या झाडून काढल्या. प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमाही त्यात होती. लोकांच्याच सणाची भाषा वापरून केलेलं नियोजन होतं ते. ही गोष्ट मी परदेशी मुलांना सांगते तेव्हा ती आपापल्या गावातले उत्सव आठवायला लागतात.

गोव्याचं उदाहरण अधिक गुंतागुंतीचं आणि म्हणून अधिक शिकवणारं. प्रादेशिक आराखडा २०११ (नावातलं साल हे आराखडा ज्या वर्षापर्यंतचा त्याचं) याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि २००७ मध्ये सरकारने तो मागे घेतला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कार्यदलाने आराखडा २०२१ करायला घेतला आणि त्याचे नकाशे गावोगावी सूचनांसाठी पाठवले. भातखाचरं, खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाजन जमिनी, डोंगरउतार, देवाच्या जागा यांवर गावांनी आपापलं म्हणणं दिलं. अंतिम आराखड्यात ते कितपत उतरलं यावर वाद झाले आणि २०१२ मध्ये तो स्थगितही झाला. वर्गात याच्यावर दोन सत्रं सहज जातात: लोकांनी दिलेली माहिती शेवटच्या कागदापर्यंत पोचेल याची जबाबदारी नेमकी कुणाची?

आणि गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करायचा, ही त्यांची रीत. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. आर्नस्टीनच्या शिडीवर याला कुठे ठेवाल, असं विचारलं की जर्मन मुलं म्हणतात, सगळ्यात वर. आमची एक मुलगी म्हणाली होती, ‘त्यांनी शिडी कुणाकडे मागितलीच नाही.’ मला तिचं म्हणणं पटतं.

गटात एकच जण काम करतो, बाकीचे गप्प बसतात. काय करायचं?

सत्राचं संचालन आळीपाळीने करा आणि दर वेळी एकाने फक्त ऐकून नोंदी घ्यायच्या. बहुतेक वेळा गप्प बसण्याचं कारण कमकुवत इंटरनेट असतं. त्याला आधी आवाजी निरोप पाठवायला सांगा.

मूल्यमापन कसं होतं? क्रेडिट मिळतं का?

युरोपीय पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, वाचन आणि फिरणं धरून. तुमचं कॉलेज ते मान्य करेल का, हे नाव नोंदवण्याआधी लेखी विचारून घ्या. माझ्या एका तुकडीला हे उशिरा कळलं आणि सत्रभर केलेलं काम गुणपत्रिकेत आलंच नाही. तो दोष माझा होता, मी आधी विचारायला हवं होतं. आता पहिलं पत्र मी त्याचंच लिहिते.

गुण देताना मी आराखड्याच्या देखणेपणाकडे शेवटी बघते. आधी बघते ते हे: कुणाशी बोललात, कुणाशी बोलता आलं नाही, आणि ऐकल्यामुळे तुमचं कोणतं मत बदललं. मत बदललं नसेल तर का नाही, हेही लिहायचं.

शिक्षक म्हणून असा सेमिनार सुरू करायचा तर?

दोन विद्यापीठं आणि वीस मुलं पुरेत. पहिल्याच वर्षी सहा देश गोळा करू नका. जोडीदार शिक्षकाबरोबर आधी एकमेकांच्या एका गावाचा अभ्यास स्वतः करा. जे आपण केलं नाही ते मुलांकडून करून घेताना आपल्याला त्यातली अडचण कळत नाही.

आम्ही माहिती घेऊन येतो. गावाला काय मिळतं?

काहीतरी मिळालंच पाहिजे, आणि काय ते सुरुवातीला ठरवून घ्या. नकाशा मराठीत, मोठ्या अक्षरात छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा, हे आमच्याकडे बंधनकारक आहे. सत्र संपल्यावर गावात परत जाऊन तो वाचून दाखवायचा, चुका दुरुस्त करायच्या. ‘यातून बंधारा होईल, रस्ता होईल’ असं एकदाही म्हणायचं नाही. आपल्या हातात नाही ते सांगायचं नाही. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि लोकांची नावं विकीवर घालायची नाहीत.

आणि गावाने नाहीच म्हटलं तर?

तर नाही. तेही उत्तर लिहून आणा.

एका मुलीने आपल्या आजोळचं शिवार घेतलं होतं. फेरी चांगली झाली, ओढे, वाटा, शेतं सगळं मिळालं. पण देवराईशी आल्यावर वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आत या, पाया पडा, पण हे नकाशात घालू नका. ती रडकुंडीला आली होती, कारण तिच्या सादरीकरणाचा गाभाच देवराई होती. आम्ही दोघींनी फोनवर बराच वेळ बोलून ठरवलं. तिने गावाला विचारलं, ‘तिथे काहीतरी आहे एवढं दाखवू का?’ तेही नको म्हणाले. तिने आजोळचा नकाशा वरच्या डोंगराची बाजू कापूनच सादर केला, आणि कापलेल्या कडेखाली मराठीत लिहिलं: ‘इथून पुढे गावाला विचारा.’